हळदीचे पेटंट हाणून पाडले, लेबलाचे काय?

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील एका दुकानात परवा हळदीच्या कॅप्सूलच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसल्या. दोहोंवर ठळक अक्षरांत ‘500 मि.ग्रॅ.’. किमतीत मात्र तिपटीचा फरक. ‘‘माल एकच हो साहेब, मोठ्या नावाचे पैसे,’’ असा दुकानदाराचा खुलासा.

माल एकच नव्हता. पहिलीत दळलेली हळद होती. हळदीतील करक्यूमिनॉइड्स या क्रियाशील द्रव्यांचे प्रमाण सामान्यतः 2 ते 5 टक्के असते. 3 टक्के धरले तर त्या कॅप्सूलमध्ये ती अवघी 15 मि.ग्रॅ. भरतात. दुसरीत 95 टक्के करक्यूमिनॉइड्स असलेला अर्क होता. म्हणजे 475 मि.ग्रॅ. एकाच आकड्याआड तीसपटींहून अधिक अंतर! काही बाटल्यांवर याहून भारदस्त असे ‘10:1 अर्क’ छापलेले असते. दहा किलो वनस्पतीतून एक किलो अर्क निघाला, एवढाच त्याचा अर्थ. त्या एका किलोत गुणकारी अंश किती आणि मिसळलेले माल्टोडेक्स्ट्रिन किती, हे त्यावरून कळत नाही.

याच हळदीसाठी आपण केवढा लढा दिला! जखम बरी करण्याच्या तिच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले (अर्जदार शास्त्रज्ञ भारतीय वंशाचेच, हा दैवदुर्विलास). डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि शोधनिबंधांचे पुरावे मांडले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. शेजारच्या सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परक्यांपुढे पुराव्यानिशी उभे राहणारे आपण घरच्या ग्राहकापुढे मात्र मोघम का होतो?

‘आयुर्वेदाला टक्केवारीच्या फूटपट्ट्या कशाला?’ असा सवाल आपल्याच मंडळींकडून येतो. तो अज्ञानातून येतो. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते, हे शार्ङ्गधरसंहितेनेच सांगून ठेवले आहे. औषधाचे बळ किती आणि ते किती काळ टिकते, ही चिंता आपल्या शास्त्रकारांचीच होती. ती चिंता वाहणे ज्यांना नफ्याच्या दृष्टीने अडचणीचे वाटते, त्यांनी परंपरेची ढाल पुढे करू नये.

शिवाय अधिक तीव्र ते अधिक हितकर, हाही भ्रमच. इटलीत हळदीची पूरके घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्यावर 2019 मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा छापण्यास भाग पाडले. आमटीतील चिमूटभर हळद आणि मिरीच्या पिपेरीनची जोड दिलेला 95 टक्क्यांचा अर्क या एकच गोष्टी नव्हेत. पिपेरीन इतर काही औषधांचेही शोषण वाढवते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांसाठी हे पूरक आणताना वैद्यांना वा डॉक्टरांना विचारावयास नको काय?

उत्पादकांकडे मागणी साधी आहे. वनस्पतीचा कोणता भाग, चूर्ण की अर्क, क्रियाशील द्रव्य टक्क्यांत नव्हे तर एका कॅप्सूलमागे किती मिलिग्रॅम, आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले, एवढे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापा. महाद्वार रोडवरील त्या महागड्या बाटलीवर 95 टक्क्यांचा उल्लेख होता खरा, पण मागच्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरांत की तो वाचण्यासाठी दुकानदाराला गल्ल्यातून भिंग काढावे लागले.