बंबाचा कारभार
परसदारातून : पूर्णाकाठकर

दिवाळी सरून मार्गशीर्ष उजाडला आणि पहाटेचे वारे अंगाला बोचू लागले, की नांदुऱ्याच्या जुन्या वाड्यांतून, तसेच गावाबाहेर वाढलेल्या नव्या वसाहतींच्या परसांतून, होळीपासून अडगळीत पडलेला तांब्याचा बंब बाहेर काढण्याची लगबग सुरू होते. आणि नेमक्या त्याच सुमारास मोडीचा व्यापारी तराजू घेऊन गल्लोगल्ली फिरू लागतो, हा काही योगायोग नव्हे. तोटीतून ठिबकणारा, आतून काजळीने चोंदलेला, तासभर धूर ओकूनही पाणी कोमटच देणारा तो बंब पाहून गृहस्थ कंटाळतो, तांब्याचा चालू भाव ऐकून मोहात पडतो, आणि आजोबांनी मोठ्या हौसेने घेतलेला तो जिन्नस वजनावर देऊन त्याच पैशांतून विजेची कांडी घरी आणतो. हा व्यवहार मला मंजूर नाही. बंबाविरुद्धच्या बहुतेक तक्रारी वस्तुतः त्याच्या मालकाविरुद्धच्या आहेत, अशी माझी कैफियत आहे.

बंबाचे भाऊबंद परदेशांतही आहेत. अतिशीत देशांतील लोकांना सबंध घरच तापवावे लागते. अमेरिकेत आणि कॅनडात खेड्यापाड्यांतील कित्येक कुटुंबे घरापासून थोड्या अंतरावर, एका लहानशा पत्र्याच्या खोपटासारखी दिसणारी लाकडाची भट्टी उभारतात. तिच्या अग्निकुंडाभोवती पाण्याचे वेष्टन असते, आणि ते तापलेले पाणी जमिनीखालून नेलेल्या नळांवाटे घरात खेळवून खोल्या उबदार ठेवल्या जातात. आपल्या घाटाखालच्या मुलखात ही उठाठेव कोणी केली नाही, कारण तिची गरजच नव्हती. वऱ्हाडातील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत पोटात सांभाळून ठेवीत, आणि उरलेल्या थंडीचा बंदोबस्त अंगणातील शेकोटी व पहाटेचे कढत स्नान यांनी होत असे. आपण घर न तापवता माणूस तापवला, इतकाच काय तो फरक. तत्त्व मात्र एकच : मध्ये अग्नी, सभोवती पाणी आणि दोहोंच्या मध्ये धातूची एक भिंत. त्या भट्ट्यांचा धूर शेजाऱ्यांना असह्य होऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१५ साली नव्या भट्ट्यांतून निघणाऱ्या धुरावर निर्बंध घातले. म्हणजे ओले लाकूड, कोंडलेला विस्तव आणि ठेंगणे धुराडे यांची फळे सर्वत्र सारखीच भोगावी लागतात.

बंबाची रचना ज्याने लक्षपूर्वक पाहिली आहे, त्याला तिच्यातील काटकसरीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. खाली लोखंडी जाळी, तिच्याखाली राख पडण्याची जागा, मधोमध उभे नळकांडे आणि त्याच्या चोहो बाजूंनी पाणी. ज्वाळा नळकांड्यातून वर जाताना आपली बरीचशी उष्णता भिंतीला देऊन जाते, आणि चुलीवरच्या पातेल्याच्या बाजूंनी जी धग फुकट उधळली जाते, ती इथे कामी येते. हिशेबच करावयाचा तर ४० लिटर पाणी १८ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास १६८० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ३५०० किलोकॅलरी मिळतात, आणि त्यांतील निम्मी धुराड्यावाटे आकाशाला अर्पण झाली असे धरले, तरीही किलोभर सरपणात, विसण घालून, चार माणसांची आंघोळ सुखाने उरकते. तेच काम विजेची कांडी दोन युनिटांत करते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून ज्याला वखारीतून तोलून लाकूड विकत आणावे लागते, त्याने केवळ परंपरेच्या अभिमानापोटी बंबाचा हट्ट धरू नये. कांडी वापरावी, किंवा ऐपत असल्यास छतावर सौरतापक बसवावा. बंब शोभतो तो ज्याच्या शेतात कपाशी आहे, म्हणजेच कपाशीच्या वाळक्या झाडांचे, पऱ्हाटीचे, सरपण घरचेच आहे, त्याच्या घरी.

आता देखभालीकडे वळू. बंबाच्या शास्त्रातील पहिला आणि अनुल्लंघनीय दंडक असा, की आधी पाणी आणि मग विस्तव. तांबे १०८५ अंशांना वितळते, त्यामुळे सरपणाच्या आचेला ते सहसा दाद देत नाही. पण तोटीच्या जोडाला दिलेली कथलाची झाळ २३२ अंशांनाच पाणी होते, आणि तिच्यात शिसे मिसळलेले असल्यास त्याहूनही लवकर. पाणी असेपर्यंत धातूची भिंत शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही व झाळ सुखरूप राहते; पाणी सरले, की काही मिनिटांत जोड सुटतो. ‘बंब गळका निघाला’ असे जे म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा रिकामा बंब पेटता ठेवून गप्पांत रमलेला कोणी तरी असतो.

दुसरा शत्रू आमच्या मुलखाचा खास आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात नांदुरा तालुक्यातील कितीतरी गावे येतात, आणि तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जिभेला लागते तितकेच भांड्यालाही लागते. त्या पाण्यातील सोड्याचे क्षार तापवल्यानंतरही विरघळलेलेच राहतात. परंतु चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापताच वेगळे होऊन नळकांड्याच्या अंगावर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने बसतात, दरसाल जाड होत जातात, आणि अखेरीस अग्नी व पाणी यांच्यामध्ये दगडाचा एक पडदाच उभा राहतो. मग सरपण दुप्पट जाळावे लागते आणि बोल मात्र बंबाला. उपाय अगदी साधा आहे : लिंबूसत्त्व किंवा शिरका घातलेले कोमट पाणी रात्रभर आत भरून ठेवावे, सकाळी ओतून द्यावे, आणि दोन-तीन वेळा खळखळून धुवावे. मोगरीने ठोकून पापुद्रा पाडण्याचा जो रानटी शिरस्ता काही घरांत आहे, त्याने पापुद्र्याबरोबर पत्राही चेपतो. जिगावच्या धरणाचे काम कित्येक वर्षे चालू आहे. त्याचे गोडे पाणी घरोघर येईल तेव्हा येवो, तोवर लिंबूसत्त्वाची पुडी घरात असावी. बाहेरून चिंच-मिठाने घासून बंब चकचकीत करणे हा हौसेचा भाग आहे, त्याने पाणी लवकर तापत नाही.

इंधनाविषयी मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, आणि ते पाणी वाफ करून हाकलण्यात विस्तवाची शक्ती खर्ची पडते. उरलेला मंद जाळ धूर व डांबर निर्माण करतो, आणि ते डांबर नळकांड्यात चिकटून बसते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लांब दांड्याच्या ब्रशाने नळकांडे वरून खालपर्यंत घासावे. बाभळीचे फाटे जड आणि चिवट, त्यांचा विस्तव टिकतो. तुराट्या भराभर पेटतात आणि तितक्याच भराभर विझतात. पऱ्हाटी दोहोंच्या मधली, आणि आमच्याकडे विपुल. पेटवणासाठी प्लास्टिकच्या पिशव्या, रबराचे तुकडे, जुन्या चपला घालण्याची जी खोड अलीकडे बळावली आहे, ती सर्वथा निंद्य होय. तो विषारी धूर प्रथम आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

परंतु पऱ्हाटीच्या बाबतीत एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे, आणि तिची दखल न घेता बंबाची वकिली करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची जी दाणादाण उडवली, तेव्हापासून कृषी खाते आणि कृषी विद्यापीठ सातत्याने बजावीत आहेत, की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून पीक, घेऊ नये, डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, आणि पऱ्हाटीच्या गंज्या बांधावर किंवा गावालगत रचून ठेवू नयेत. कारण न उमललेल्या, वाळून गेलेल्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते, आणि पावसाळ्याच्या आरंभी पतंग होऊन नव्या कपाशीकडे धाव घेते. वर्षभराचे सरपण दारात रचणे हे पूर्वी सुगृहिणीचे लक्षण मानले जाई. आज तीच गंजी शेजाऱ्याच्या शेताचा घात करू शकते. तथापि पऱ्हाटी शेतातच पेटवून देणे हाही काही शहाणपणा नव्हे, त्याने धूर होतो आणि उष्णता वाया जाते. म्हणून उपटतानाच किडकी बोंडे झाडून वेगळी करावी व नष्ट करावी, चार महिन्यांना पुरेल एवढीच पऱ्हाटी घरी आणावी, आणि बाकीची यंत्राने कुट्टी करून जमिनीला द्यावी.

बंबाची जागा परसात, छपराखाली, वाऱ्याच्या ओघाने धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही अशा कोपऱ्यात असावी. थंडी वाजते म्हणून तो न्हाणीघरात ओढून दार लावून घेणे प्राणघातक आहे. धुमसत्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणसाला सावध होण्यास तो अवधीही देत नाही. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरनेही अशीच माणसे दगावली आहेत. आणखी एक गोष्ट ओघाने सांगतो : बंबाच्या पाण्याची गोडी वर्णन करणारे बहुधा पुरुष असतात, आणि पहाटे उठून धूर डोळ्यांत घेत तो पेटवणाऱ्या बहुधा बायका. ज्यांना ही गोडी हवी आहे, त्यांनी पेटवणेही आपल्याकडे घ्यावे.

राख रोजच्या रोज काढावी, पण लोखंडी घमेल्यात, आणि कडब्यापासून दूर. तिच्या पोटात निखारे कित्येक तास जिवंत असतात. पुरती निवल्यावर ती परसबागेत पसरावी. होळी झाली आणि बंबाचे काम संपले, की त्याला तसाच सोडू नये. जाळीवर उरलेली राख पावसाळी हवेतील ओल शोषून घेते आणि लोखंड खाऊन टाकते. तेव्हा पाणी काढावे, राख झाडावी, नळकांडे घासावे, दोन दिवस उन्हात वाळवून वर गोणपाट बांधावे. आणि तोटी ठिबकत असेल तर उन्हाळ्यातच, तांबटाला सवड असते तोवर, झाळून घ्यावी. दारातली उरलीसुरली पऱ्हाटी मात्र मृगापूर्वी, शक्यतो वैशाखातच, संपवून टाकावी, एवढी माझी कपाशीवाल्या वाचकांना विनंती आहे.