निर्माता धनी की कंत्राटदार?

नायगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरलो की रिक्षावाला विचारतो, "शूटिंगला का?" आमच्या वसई तालुक्यातल्या या मिठागरांच्या गावात आता मोठाल्या शेडमध्ये मालिकांचे प्लायवूडचे वाडे उभे असतात. त्या वाड्यांचा खरा धनी कोण, असा विचार मनात आला की मला स्मिता तळवलकर आठवतात.

दूरदर्शनवर बातम्या वाचणारा त्यांचा चेहरा घराघरांत ओळखीचा होता. पुढे अभिनय आणि मग निर्मिती. मराठीत विनोदी चित्रपटांची चलती असताना त्यांनी १९८९ मध्ये 'कळत नकळत' काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९१ च्या 'चौकट राजा'चा नायक तर बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू. गल्ल्यावर नजर ठेवणारा माणूस या विषयाच्या वाटेलाही गेला नसता. १९९८ च्या 'तू तिथे मी'मध्ये मुलांच्या घरी वाटले गेलेले म्हातारे नवरा-बायको होते.

हे धाडस एकट्या हौसेवर होत नाही. दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांत निर्माता वेळेचे शुल्क भरी आणि जाहिराती मिळवी. बुडाला तर तोच बुडे. पण मालिका त्याच्या मालकीची राही. खासगी वाहिन्या आल्या आणि हिशेब बदलला. तळवलकरांची 'अवंतिका' २००२ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा हा बदल सुरू झालेला होता.

आज बहुतेक दैनंदिन मालिकांत वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम देते आणि हक्क स्वतःकडे ठेवते. तोट्याची धास्ती वाहिनीने घेतली, हे खरे. शेकडो हातांना रोज काम मिळते, हेही खरे. परंतु कथेचे वळण टीआरपीचे आकडे ठरवतात आणि मालिका संपल्यावर निर्मात्याच्या हाती पुन्हा विकता येईल असे काहीच उरत नाही. मग नवा 'चौकट राजा' काढायला भांडवल कुठून आणायचे? चित्रपटगृहात मराठीला चांगला खेळ मिळत नाही, अशी ओरड आपण करतो. या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

तळवलकर २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. नायगावला मालिका बंद पडली की वाड्याचे प्लायवूड उतरते आणि त्याच शेडमध्ये दुसऱ्याचे घर उभे राहते. 'चौकट राजा' टीव्हीवर लागला की आमच्याकडे मात्र अजूनही ताटे बाहेरच्या खोलीत येतात.