ताठ बसण्याचे गुण कोणाला?

नीट आल्यापासून एमबीबीएसच्या बहुतेक जागांसाठी मुलाखत उरलेली नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मात्र नीटनंतर ती आजही होते. प्रवेश मिळाल्यावर तोंडी परीक्षा तर सगळीकडेच असते. म्हणून ‘ताठ बसा, नजरेला नजर द्या’ हा सल्ला आपल्या मुलामुलींचा पिच्छा सोडत नाही.

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. बसण्या-बोलण्याची ढब घरातून, गावातून येते. ज्यांच्या आजोबांना वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्याव्या लागल्या, त्यांच्या घरात मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं ही जीव सांभाळायची रीत होती. पुढे तिलाच आदर म्हटलं गेलं. मुलाखतीच्या खोलीत त्याच नजरेला ‘आत्मविश्वास नाही’ असं म्हणतात. ज्याच्या घरात दोन पिढ्या डॉक्टर आहेत, त्याच्या सवयीला मात्र गुणवत्ता म्हणतात.

हा प्रश्न न्यायालयापुढेही आला. १९६४ साली चित्रलेखा खटल्यात म्हैसूर राज्याने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलाखतीला दिलेलं २५ टक्क्यांचं वजन सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पुढे अजय हासिया खटल्यात चित्र बदललं. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १५० पैकी ५० गुण मुलाखतीचे होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकत होती. न्यायालयाने हे प्रमाण मनमानी ठरवलं, १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याची सूचना केली.

तरीही बंद खोलीतला पक्षपात संपला नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेबद्दलच्या तक्रारी नोंदल्या आहेत.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. गुण कशाचे, हे आधी लेखी सांगा. ‘व्यक्तिमत्त्व’ असा मोघम रकाना काढून टाका. सर्वांना सारखेच प्रश्न आणि सारखाच वेळ द्या. परीक्षकांत आपल्या समाजाची माणसं असू द्या.

तोवर तयारी करावीच लागेल. दोन मित्रांना समोर बसवून सराव करा. खुर्चीच्या कडेवर टेकू नका, पाठ टेकवून बसा. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ एवढंच म्हणा, माफी मागू नका. ही ढब महिनाभरात शिकता येते. ती आधीपासून येत नव्हती, यात तुमची लायकी कुठेच कमी पडलेली नाही.