केसपेपरवरचा तंबाखूचा रकाना

5 एप्रिल 1933 रोजी सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी पिट्सबर्गच्या एका 48 वर्षांच्या प्रसूतितज्ज्ञाचे डावे फुप्फुस पूर्ण काढले. बेत लोबेक्टॉमीचा होता. छाती उघडल्यावर गाठ ब्रॉन्कसच्या तोंडाशी इतकी भिडलेली दिसली की लोब काढून भागणार नव्हते. ग्रॅहम यांनी हायलम एकत्रच बांधला, फुप्फुस काढले आणि मोकळी झालेली पोकळी बसावी म्हणून बरगड्याही काढल्या. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये रीनहॉफ यांनी रक्तवाहिन्या व ब्रॉन्कस वेगवेगळे बांधले. पुढे सगळ्यांनी तीच रीत उचलली. पण कर्करोगासाठी एकाच टप्प्यात केलेली पहिली यशस्वी न्यूमोनेक्टॉमी ग्रॅहम यांची, आणि तो रुग्ण पुढे जवळपास 30 वर्षे जगला.

आपल्यापैकी बहुतेकांना ग्रॅहम एवढेच ठाऊक असतात. या संपादकीयात मात्र त्यांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहायचे आहे, कारण अध्यापन करणाऱ्या सर्जनने त्यातून फार शिकण्यासारखे आहे.

1940च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठातला अर्न्स्ट विंडर हा वैद्यकाचा विद्यार्थी त्यांच्याकडे आला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना धूम्रपानाविषयी पद्धतशीर विचारावे, असे त्याचे म्हणणे होते. ग्रॅहम यांना हा संबंध पटलेला नव्हता. सिगारेटचा खप वाढला तसा नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत. तरीही त्यांनी त्या मुलाला आपल्या रुग्णांच्या मुलाखती घेऊ दिल्या. ग्रॅहम यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला ही परवानगी सर्वांत मोठी वाटते. विभागप्रमुखाने, ज्याच्या शब्दाला देशभर वजन आहे अशा माणसाने, स्वतःला न पटणाऱ्या प्रश्नासाठी वॉर्डाचे दार उघडावे, हे तेव्हाही सोपे नव्हते आणि आजही आपल्या मेडिकल कॉलेजांत सोपे नाही.

मे 1950 मध्ये दोघांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. सिद्ध झालेले रुग्ण 684. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या पुरुषांपैकी 96.5 टक्के मध्यम ते अतिशय जास्त धूम्रपान करणारे होते. रुग्णालयातल्या इतर पुरुषांत हे प्रमाण 73.7 टक्के होते. त्याच वर्षी ब्रिटनमधून डॉल आणि हिल यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. ग्रॅहम एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या कातडीला तंबाखूच्या धुराचे डांबर लावून पाहिले. 1953 च्या त्या अहवालात 44 टक्के उंदरांना कर्करोग झाल्याची नोंद आहे. पुराव्यापुढे त्यांनी स्वतःचे मत बदलले आणि सिगारेटही सोडली. तोवर उशीर झाला होता. 4 मार्च 1957 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. 1933चा तो रुग्ण तेव्हा हयात होता.

आपल्याकडेही हे काम वेळेवर सुरू झाले होते. 1955 मध्ये मुंबईहून सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे, चघळणे आणि वरच्या अन्नमार्गाचे कर्करोग यांच्या संबंधावरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. डॉ. खानोलकरांसारखे पॅथॉलॉजिस्ट ज्या मातीत होऊन गेले, तिथल्या ओपीडीत आज काय लिहिले जाते? 'तंबाखू : हो.' कधी तेही नाही. विडी की सिगारेट, दिवसाला किती, किती वर्षे, सोडली असेल तर केव्हा, यातले काही नसते. मिश्री लावणाऱ्या बाईंना 'व्यसन आहे का?' असे विचारले तर त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, आणि रेसिडेंट 'नाही' लिहितो. चुलीच्या धुरात घालवलेली वर्षे, गिरणीतले किंवा खाणीतले काम, घरात इतर कुणी विडी ओढते का, हे तर कुणी विचारतच नाही. मग याच कागदांवरून पाच वर्षांनी प्रबंध लिहिले जातात, आणि धूम्रपान न करणाऱ्यांतील कर्करोगाविषयी निष्कर्ष निघतात. असे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

या नोंदीचा उपयोग रुग्णालाही आहे. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर रुग्ण आपल्या हातून जातो तो बऱ्याचदा छातीच्या गुंतागुंतीमुळे. विडी किती आणि कधी थांबली हे भूलतज्ज्ञाला आधी कळले, तर श्वासाचे व्यायाम वेळेवर सुरू करता येतात. आणि तंबाखू सोडण्याबद्दल सर्जनने स्वतः सांगितलेले रुग्ण ऐकतो. हे काम समुपदेशकावर पूर्णपणे सोपवून आपण मोकळे होऊ नये.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना विनंती आहे : येत्या आठवड्याच्या ओटी लिस्टवरचे केसपेपर काढा. तंबाखूचा रकाना अपुरा असेल तर राउंडला रेसिडेंटला बरोबर घेऊन रुग्णाजवळ बसा, विडी, मिश्री, तपकीर, गुटखा अशी नावे घेऊन विचारा, आणि उत्तर वर्षांसकट तिथेच लिहा.