दुकानाचे टपाल मालकाच्या हाती हवे

जालन्यातील मोंढा, भंगार व लोखंडाच्या धंद्यातील ज्या बांधवांनी जीएसटी नोंदणीत कर सल्लागाराचा ई-मेल दिला असेल, त्यांनी तो आधी बदलून स्वतःचा द्यावा. 2017 च्या जीएसटी कायद्यातील कलम 169 प्रमाणे नोंदणीतल्या ई-मेलवर नोटीस पाठविणे ही ती बजावण्याची रीतसर पद्धत आहे. मग 'आम्हाला कळलेच नाही' ही सबब लंगडी पडते.

तो पत्ता मोबाइल व दुकानाचा संगणक, दोन्हींच्या मेल अ‍ॅपमध्ये बसवावा. बसविताना 'पॉप' नव्हे, 'आयमॅप' निवडावे. पॉप पद्धतीत टपाल एकाच यंत्रात उतरून सर्व्हरवरून पुसले जाऊ शकते. आयमॅपमध्ये तेच टपाल दोन्हीकडे दिसते. हिशेब खुशाल दुसऱ्याने लिहावा, टपाल मात्र मालकानेच वाचावे.