यंत्र शेताचे, विद्यार्थीही शेताचा हवा

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने नेवासा तालुक्यात ऊस आणि कांदा रुजवला. दोन्ही पिके मजुरांच्या हातांवर उभी आहेत. ऊसतोडणीला टोळी नाही, कांदा लागवडीला बाया नाहीत, ही तक्रार आता नित्याची झाली आहे. शेजारच्या राहुरीत कृषी विद्यापीठ आहे. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत तेथे हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाचे केंद्र उभे राहिले आणि ड्रोन, संवेदक, यंत्रमानव हे विषय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. ही घटना स्वागतार्हच होय. परंतु अशा संशोधनात विद्यार्थ्याचे स्थान कोणते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत आणण्याची प्रथा कोणाला ठाऊक नाही? गुण मिळतात, पदवी मिळते. हाती विद्या मात्र येत नाही. याच महाराष्ट्रात याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’ या उपग्रहाचे काम हाती घेतले. जेमतेम एक किलो वजनाचा हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी ‘इस्रो’च्या प्रक्षेपकातून अवकाशात गेला. आरंभ करणारी तुकडी तोवर केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडली होती. फळ आपल्या पदरात पडणार नाही हे जाणूनही एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपवावे, यापेक्षा मोठे शिक्षण कोणते?

शेतीच्या यंत्राला तर याहून अधिक काही लागते. कोटीच्या घरातील ऊसतोडणी यंत्राला दोन सरींत साडेचार-पाच फुटांचे अंतर हवे आणि वळायला मोकळी जागा हवी. एक-दोन एकरांच्या तुकड्यात आणि अरुंद सरीत ते अडते. ही अडचण प्रयोगशाळेतील संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ती बांधावर उभे राहिल्यावरच दिसते. म्हणून यंत्राचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक संपूर्ण हंगाम गावात काढला पाहिजे. शेतकऱ्याइतकेच तोडणी कामगाराचेही म्हणणे त्याने ऐकले पाहिजे. दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या या कुटुंबांच्या डोक्यावरील मोळी हलकी करणारे साधन हेही संशोधनच आहे. त्यांची रोजी हिरावून घेणारे यंत्र समाजाला पुढे नेईल काय?

हा संवाद अर्थातच मराठीत व्हावयास हवा. गीतेचे तत्त्वज्ञान सामान्य जनांच्या भाषेत याच नेवाशात, शके १२१२ मध्ये अवतरले. पैस खांब त्याची साक्ष देत आजही उभा आहे. त्या भूमीच्या परिसरातील संशोधनाचा अहवाल, नोंदवही आणि यंत्राची माहितीपुस्तिका शेतकऱ्याला वाचता येऊ नये, हे शोभादायक नाही.

विद्यापीठांनी एवढे तरी करावे: तुकडीगणिक चालणारे दीर्घ प्रकल्प घ्यावेत, हंगामभराच्या ग्रामनिवासाला गुण द्यावेत आणि फसलेल्या प्रयोगाचीही प्रामाणिक नोंद स्वीकारावी. पालकांनीही मुलाला केवळ ‘पॅकेज किती?’ असे न विचारता ‘तुझे यंत्र कोणाच्या शेतात चालले?’ असे विचारावे. संशोधनाची खरी परीक्षा तेथेच आहे.