कपात कोणाच्या वाट्याला?

राज्याच्या तिजोरीवर ताण पडला की काटकसरीचे हुकूम मुंबईहून निघतात आणि त्यांची पहिली झळ जिल्ह्याच्या कचेऱ्यांना लागते. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने विकासखर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण ही खाती वगळून नवी पदभरती थांबवली, त्याला महामारीचे सबळ कारण होते व त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, अशा प्रत्येक प्रसंगी किती रुपये वाचले याचा हिशेब चोख होतो, परंतु ज्यांच्या जागा गेल्या ती माणसे कोणत्या थरातली होती, ही विचारणा कोणताही वरिष्ठ करीत नाही.

वास्तविक या विचारणेचे उत्तर प्रत्येक आस्थापनेच्या कपाटात असते. बिंदुनामावलीच्या नोंदवहीत मंजूर पदे अनुक्रमाने मांडलेली असतात आणि अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३ अशा टक्केवारीने प्रत्येक बिंदूसमोर प्रवर्ग लिहिलेला असतो. त्या बिंदूवरचा कर्मचारी सेवानिवृत्त झाला तर त्याच प्रवर्गाचा उमेदवार तेथे यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सभरवाल खटल्यात घालून दिले. मात्र पदच निरसित झाले, अथवा शिपाई, सफाईगार, पहारेकरी यांचे काम ठेकेदाराकडे गेले, म्हणजे तो बिंदू वहीतून उठतो आणि त्याबरोबर महिलांचे ३० व दिव्यांगांचे ४ टक्केही बिनबोभाट जातात. नऊ खासगी संस्थांकडून मनुष्यबळ घेण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासननिर्णय लोकक्षोभामुळे पुढच्याच महिन्यात रद्द करणे सरकारला भाग पडले; बाह्ययंत्रणेची पद्धत मात्र त्याआधीही होती आणि नंतरही राहिली.

१९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेल्या वाशिमला हे विशेष बाधते. येथे मोठी कारखानदारी नाही, शेती बहुतांशी पावसावर. मानोरा तालुक्यातील तांड्यावरची मुलगी पदवी घेऊन परीक्षेला बसते ती त्या ३ टक्क्यांच्या भरवशावर, आणि तिच्या हाती ठेकेदाराची मुदतबंद नेमणूक पडते तेव्हा घरातल्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणाविषयीचा निर्णयही त्याच दिवशी बदलू शकतो.

ठेक्यावर लागलेल्या अशा मुलीच्या कामावरील सुरक्षिततेबाबत तर निधी नाही ही सबब चालणार नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठेकेदारामार्फत आलेल्या स्त्रीलाही लागू आहे, हे तिला समजेल अशा भाषेत सांगण्यास आणि तक्रार समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर लावण्यास कितीसा खर्च येतो? खर्च येत नाही. अधिकाऱ्याने त्यात जातीने लक्ष घालावे लागते.

२६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे सर्वज्ञात आहे. परंतु केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने पाठवावे, अशी ताकीदही त्याच हुकुमात होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. तशाच पत्रकाची मागणी आम्ही वाशिमचे जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे करीत आहोत: निरसित व ठेक्याने दिलेली पदे, त्यांचे प्रवर्ग, त्यांतील स्त्रिया व दिव्यांग यांची संख्या दर तिमाहीस जाहीर व्हावी, आणि पद कमी करण्याचा कोणताही प्रस्ताव या पत्रकावाचून अमरावतीस अथवा मंत्रालयात रवाना होऊ नये.